कॅफेचा मेन्यू छापण्याआधी: गिऱ्हाइकाला काय हवंय ते कसं शोधायचं, पायरी-पायरीने

सोलापुरात नवा कॅफे उघडताना कामं साधारण एकाच क्रमाने होतात. आधी गाळा, मग फर्निचर, मग भिंतीवर दिव्यांची अक्षरं, मग पुण्यातल्या कुठल्यातरी कॅफेच्या मेन्यूचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि त्यावरून छापलेलं ऐंशी पदार्थांचं चकचकीत कार्ड. उरलेल्या जागेत स्वयंपाकघर. गिऱ्हाईक काय खाईल हा विचार सगळ्यात शेवटी, तोही जमाखर्च बसेना झाल्यावर. मग प्रश्न येतो, "लोक येतात, बसतात, फोटो काढतात, पण खात का नाहीत?"

क्रमच उलटा लागलेला असतो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. मधली गाळून पुढे गेलात तर पुन्हा मागे यावं लागेल, आणि तोवर कार्ड छापून झालेलं असेल.

आधी हे जमवा: एक जाड वही, ग्रॅम दाखवणारा काटा, स्वयंपाकात वापरायचा थर्मामीटर आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. कॉफीचं महागडं मशीन या यादीत नाही.

## पायरी १: कोण येणार, किती वाजता, किती जण मिळून

पदार्थांचा विचार बाजूला ठेवून गाळ्यासमोर बसा. एक साधा वार आणि एक रविवार. सकाळी ११, दुपारी ४ आणि रात्री ८ च्या सुमारास तासभर. शेजारच्या चहाच्या टपरीवर, वडापावच्या गाड्यावर किंवा आधीपासून असलेल्या कॅफेत कोण थांबतं ते लिहून काढा: घोळका कितीचा, किती वेळ थांबला, हातात वह्या होत्या की खरेदीच्या पिशव्या.

शहर एक असलं तरी गिऱ्हाईक एक नाही. संगमेश्वर किंवा दयानंद कॉलेजच्या आसपास दुपारी चार-पाच जण येतात, दोन प्लेट मागवतात आणि दीड तास उठत नाहीत. नवी पेठेत खरेदीला आलेल्या बाईचे पाय दुखत असतात. तिला पंख्याखाली खुर्ची हवी, काहीतरी थंड हवं आणि पंधरा मिनिटांत बाहेर पडायचं असतं. जुळे सोलापुरात रात्री कुटुंब येतं: पोराला फ्राइज, आईला 'रोजच्यापेक्षा वेगळं', आणि चीजकडे संशयाने बघणारी आजी. अक्कलकोट-तुळजापूर करून परतणाऱ्या भाविकांना चहा, पोटभरीचं साधं खाणं आणि त्याआधी स्वच्छ स्वच्छतागृह लागतं.

कॉलेजच्या पोरांची मुख्य मागणी बसायला जागा ही असते. खाणं हे त्या जागेचं भाडं. त्यामुळे त्यांना वाटून खाता येईल, हळूहळू संपेल आणि निवलं तरी तोंडात घालावंसं वाटेल असं काहीतरी द्यावं लागतं. नवी पेठेतल्या बाईंना हेच दिलंत तर पंधरा मिनिटं वाट बघून त्या उठून जातील.

तपासणी: नोंदी संपल्यावर हे वाक्य भरता आलं पाहिजे: "माझ्याकडे सर्वांत जास्त \_\_\_ येतील, \_\_\_ वाजता, \_\_\_ जण मिळून, आणि \_\_\_ मिनिटं बसतील." रिकाम्या जागी 'सगळेच' असं लिहिलं असेल तर आणखी एक दिवस बसा.

सावध: जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत संध्याकाळची गर्दी होम मैदानाकडे वळलेली असते. परीक्षेच्या आठवड्यांत पोरांच्या वेळा बदलतात. त्या दिवसांतल्या नोंदींवरून वर्षाचा अंदाज बांधू नका.

## पायरी २: विचारा, पण "काय आवडेल?" असं विचारू नका

या प्रश्नाला दोनच उत्तरं मिळतात. एक 'काहीतरी हेल्दी' आणि दुसरं 'काहीतरी वेगळं'. तेच लोक अर्ध्या तासाने चीज फ्राइज आणि कोल्ड कॉफी मागवतात. ते खोटं बोलत नाहीत, तुमचं मन राखतात. म्हणून प्रश्न झालेल्या गोष्टीबद्दल असावेत:

- मागच्या वेळी कॅफेत गेलात तेव्हा काय मागवलं?
- ते कुणी ठरवलं?
- किती जण होता, बिल किती झालं, कुणी दिलं?
- प्लेटमध्ये काय उरलं?
- तिथे परत गेलात का? नसाल तर का?

दुसरा प्रश्न बरेच जण गाळतात. कुटुंबात पोरगं पदार्थ ठरवतं, पण कॅफे ठरवतात मोठी माणसं. 'तिथे नको, तिथे सगळं मैद्याचं' असं आजी एकदा म्हणाली की सहा जणांचं टेबल गेलं. कार्डावर तिच्यासाठी एक ओळ असली की सगळे आत येतात. ती ओळ आलं घातलेला चहा आणि गरम सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पदार्थ) अशी साधी चालते. नफा त्यात फारसा नाही, पण बाकीच्या पाच जणांचं बिल तिच्यामुळे होतं.

नातेवाइकांना आणि मित्रांना विचारू नका. अनोळखी लोकांना विचारताना त्यांच्या भाषेत बोलणारं कुणीतरी सोबत न्या. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलली की माणूस मोकळा होतो, कन्नड आणि हिंदीचंही तेच. पुढे काउंटरवर माणूस ठेवतानाही हे लक्षात असू द्या.

## पायरी ३: माणशी किती रुपये

बिल किती होईल ते न पाहता माणशी किती पडेल ते पाहा. चौघांनी वर्गणी काढून दिलेलं बिल आणि एकाने वाढदिवसाला दिलेलं बिल यांत फार फरक असतो. पायरी २ मधल्या तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं माणशी भागून लिहा. मधल्या आकड्यांचा पट्टा दिसेल, आणि तुमचे निम्मे पदार्थ त्यातच बसले पाहिजेत.

मग उलटा हिशेब करा. समजा, एका सँडविचचा कच्चा माल २८ रुपयांचा आहे. मालाचा खर्च विक्रीच्या ३५ टक्क्यांपर्यंत ठेवायचा तर किंमत ८० रुपये. गिऱ्हाईक ६० च देणार असेल तर सँडविच लहान करून चालत नाही, ते लगेच कळतं. सारण बदला किंवा पदार्थ सोडा. कच्च्या मालात सॉसची पुडी, टिश्यू, शेजारी टाकलेले वेफर्स आणि तळणीचं तेल धरायला लोक हमखास विसरतात.

वाटून खाणाऱ्यांसाठी तुकड्यांची संख्याही पाहा. सँडविचचे तीन तुकडे केलेत आणि टेबलावर चौघं असतील तर एक जण बघत बसतो. चार तुकडे करा. पिझ्झा सहाऐवजी आठात कापा. नगेट्स किंवा मोमो पाच नको, सहा किंवा आठ द्या. सँडविच-पिझ्झात तर खर्च तेवढाच, पण त्या टेबलावर 'आणखी एक मागवूया' की 'राहू दे' हे इथेच ठरतं.

सावध: सेवाशुल्क बिलात परस्पर लावू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचनांनुसार ते सक्तीने घेता येत नाही. आपल्याकडचं गिऱ्हाईक भांडत नाही, पुन्हा येत नाही एवढंच.

## पायरी ४: 'चालत नाही' अशी यादी

आवडीपेक्षा न चालणाऱ्या गोष्टी जास्त गिऱ्हाईक घालवतात. लिंगायत, जैन, मारवाडी, गुजराती घरांत शाकाहार पाळणारे पुष्कळ आहेत. त्यांना पदार्थ शाकाहारी असणं पुरत नाही, चाकू आणि तवाही वेगळा लागतो. मांसाहार ठेवणार असाल तर फळी, चाकू, झारा, तळणी हे सगळं वेगळं ठेवा, आणि ते काउंटरवरून दिसू द्या.

'जैन मिळेल' असं लिहिण्याआधी बाटल्या उलटून लेबल वाचा. पिझ्झा सॉसमध्ये, शेजवान चटणीत, कित्येक मेयोनेजमध्ये लसूण असतो. कांदा काढून टाकला की जैन झालं असं समजणारे आचारी खूप आहेत.

उपवासाचंही तसंच. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र या दिवशी फ्राइज 'उपवासाला चालतात' म्हणून खपवल्या जातात. पण काही गोठवलेल्या फ्राइजवर पिठाचा पातळ थर असतो, आणि त्याच तेलात सकाळी नगेट्स तळलेले असतात. वेगळं तेल आणि ताजा बटाटा जमणार नसेल तर नाही म्हणा. खोटा होकार एकदा कळला की ती गल्लीच्या गल्ली जाते.

केक अंड्याचा की बिनअंड्याचा ते कार्डावर लिहा. विचारायला लागणं लोकांना आवडत नाही.

तपासणी: काउंटरवरच्या मुलाला अचानक विचारा, "या बर्गरच्या सॉसमध्ये लसूण आहे का?" तो आत डोकावून विचारत असेल तर ही पायरी झालेली नाही.

## पायरी ५: पदार्थ मोजू नका, यंत्रं मोजा

कार्डावर सहा प्रकारची ग्रिल सँडविचं असतात आणि ग्रिलर एक. त्यावर एका वेळी दोन बसतात, एका फेरीला पाच मिनिटं लागतात. सहा जणांच्या टेबलाने सहा मागितली तर शेवटचं पंधरा मिनिटांनी येणार, आणि तोपर्यंत पहिलं थंड. सगळे एकत्र खायला आले होते, तेच नेमकं जमलं नाही.

म्हणून एक तक्ता करा. डावीकडे पदार्थ, वरती ग्रिलर, तळणी, ओव्हन, गॅस, मिक्सर. प्रत्येक पदार्थ ज्या यंत्रावर होतो तिथे खूण करा. एकाच रकान्यात निम्म्याहून जास्त खुणा आल्या तर पदार्थ हलवा किंवा काढा.

आणखी तीन गोष्टी सोलापुरात आधीच धरून चालाव्या लागतात.

पाणी. नळाला रोज येईलच असं नाही. साठवण किती, टाकी कधी धुतली, पाणी आलं नाही तर टँकर कुणाचा, हे उद्घाटनाआधी ठरवा. चीजने माखलेल्या स्टीलच्या थाळ्या धुवायला फार पाणी जातं. सँडविच, फ्राइजसाठी बटर पेपर घातलेली टोपली बरी. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा, आणि तो कुठून येतो ते तुम्हाला माहीत हवं.

वीज. गेली तर काय मिळेल? गॅसवर होणारे तीन-चार पदार्थ कार्डावर ठेवा. 'लाइट नाही, फक्त चहा मिळेल' हे ऐकून माणूस परत फिरतो.

ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. फेटलेलं क्रीम ढासळतं, ब्रेडच्या कडा वाळतात. टेबलावर दिवसभर ठेवलेली मेयोनेजची बाटली तर धोकाच. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने २०२५ मध्ये एक-एक वर्षाची बंदी घातली, ती विषबाधेच्या भीतीने. बिनअंड्याचं वापरा, आणि उघडल्यावर तेही फ्रिजमध्येच ठेवा. थंड माल ५ अंशांच्या खाली, गरम ६० च्या वर. मधल्या तापमानात पदार्थ तासन् तास राहिला की बिघडतो. थर्मामीटर त्यासाठीच घेतलाय.

## पायरी ६: बारा ते पंधरा पदार्थ, जास्त नाहीत

आता कुठे यादी. गिऱ्हाइकाला निवड हवी असते, पण ती ऐंशीतून नको असते. लांबलचक कार्ड बघितलं की लोक घाबरून ओळखीचंच मागवतात, आणि बाकीच्या पंचाहत्तर पदार्थांचा माल फ्रिजमध्ये शिळा होतो.

साधारण असं वाटप करा: ओळखीचे सात-आठ (ग्रिल सँडविच, फ्राइज, कोल्ड कॉफी, चहा, मॅगी वगैरे), वाटून खायचे दोन-तीन, मोठ्यांसाठी दोन, आणि इतरत्र न मिळणारा एक. त्या एकातच तुमची हौस भागवा. ज्या पदार्थांची नावं तोंडात बसत नाहीत, त्यांच्याखाली साध्या मराठीत एक ओळ लिहा: काय आहे, तिखट आहे का, किती जणांना पुरेल.

सोलापुरी चव आणायचा मोह सगळ्यांनाच होतो. शेंगा चटणीचा पिझ्झा, कडक भाकरीचे नाचोज. माझं मत स्पष्ट आहे: घरी रोज ताटात असतं ते महाग करून मागितलं की इथला माणूस हसतो. बाहेरगावचा पाहुणा एकदा घेईल. पण शेंगा चटणी सँडविचच्या आत खरंच कामाला येते. कोरडी, दाण्याच्या कुटाची असल्यामुळे ती टोमॅटोचं पाणी शोषून घेते, ब्रेड ओला होत नाही आणि तिखटपणाही हवा तेवढा येतो. तिथे वापरा, मोठ्या अक्षरांत मिरवू नका.

## पायरी ७: प्रमाण ग्रॅममध्ये लिहा

'सोमवारी छान होती, गुरुवारी पातळ' ही तक्रार चवीची नाही, मापाची आहे. प्रत्येक पदार्थाचा एक कागद करा आणि भिंतीवर लावा. तीन पदार्थ इथे सविस्तर देतो, कारण बहुतेक कॅफेंचा गल्ला यांच्यावरच चालतो आणि बिघडतातही हेच.

कोल्ड कॉफी. गिऱ्हाइकाला दाट हवी, कडक हवी, आणि तळाशी साखर नको. बर्फ घातला की ती पातळ होणारच. त्याऐवजी दुधाचेच खडे गोठवा. एका ग्लासला सुरुवातीचं प्रमाण: १२० मिली अगदी थंड दूध, ६० मिली दुधाचे खडे, अडीच-तीन ग्रॅम इन्स्टंट कॉफी, १५ ग्रॅम साखर, एक गोळा व्हॅनिला आइस्क्रीम. कॉफी आणि साखर आधी चमचाभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा. थेट थंड दुधात टाकली की दाणे राहतात आणि शेवटच्या घोटात कडू लागतात. मिक्सर अर्धा-पाऊण मिनिट, त्याहून जास्त नाही. जास्त फिरवलं की भांडं गरम होऊन फेस वाढतो आणि ग्लास टेबलावर पोचेपर्यंत अर्धा खाली बसतो.

फ्राइज. गोठलेल्याच टाका, वितळू देऊ नका. तेल १७५ ते १८० अंश. तळणीची जाळी अर्ध्याहून जास्त भरली तर तेलाचं तापमान कोसळतं आणि फ्राइज तेल पितात. निथळल्याबरोबर मीठ, वर झाकण नाही. पाच-सात मिनिटांत त्या मऊ पडायला लागतात, म्हणून ऑर्डरमध्ये सर्वांत शेवटी तळा. सँडविच होईपर्यंत तळून ठेवलेल्या फ्राइज हीच सगळीकडची चूक. तळणीच्या तेलातल्या पोलर घटकांची (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या बिघाडाच्या घटकांची) कायदेशीर मर्यादा २५ टक्के आहे. तेल काळवंडलं, फेसाळायला लागलं किंवा वास आला की मोजमापाची वाट न बघता टाकून द्या. तेलाचा वास कपड्यांना लागला तर तो कॅफे घरी आईलासुद्धा कळतो.

ग्रिल सँडविच. बटाट्याचं सारण पूर्ण थंड करूनच भरा, गरम भरलं की वाफेने ब्रेड आतून लगदा होतो. लोणी कडेपर्यंत लावा. टोमॅटोच्या बिया काढा, मीठ अगदी शेवटी. ग्रिलरवरून काढल्यावर अर्धा मिनिट जाळीवर ठेवा, मगच कापा. सपाट ताटलीत ठेवलं की खालची बाजू घामेजते आणि वरचा कुरकुरीतपणा वाया जातो.

व्हाइट सॉस पास्ता ठेवणार असाल तर सॉस हवा त्यापेक्षा थोडा सैल काढा, निवताना तो घट्ट होतो. तिखट सॉसमध्ये न घालता टेबलावर द्या. त्याच प्लेटमध्ये पोरगंही खाणार असतं. आणि पनीर, चीज अस्सल वापरा. वनस्पती तेलाचं ॲनालॉग, म्हणजे पनीरसारखं दिसणारं नकली, वापरून कार्डावर पनीर लिहिणं नियमात बसत नाही.

तपासणी: तुम्ही किंवा मुख्य आचारी नसताना दुसऱ्या मुलाकडून तोच पदार्थ करून घ्या. वजन, वेळ, चव जुळली नाही तर कागद अपुरा आहे, मुलगा नव्हे.

## पायरी ८: पैसे घेऊन चाचणी

फुकट खायला घालून मत विचारू नका. फुकटचं कुणालाही छानच लागतं. उद्घाटनाआधी आठवडाभर दार अर्धं उघडं ठेवा, अर्धी यादी, पूर्ण किंमत. कार्ड छापू नका, फळ्यावर खडूने लिहा. ऑर्डर दिल्यापासून ताट टेबलावर येईपर्यंतचा वेळ मोजा आणि लिहा. फोटो काढणाऱ्यांवर हुरळून जाऊ नका. त्याच टेबलाने दुसऱ्यांदा काय मागवलं, ते महत्त्वाचं.

## पायरी ९: खरकटं बघा

ही पायरी सोपी आहे, फुकट आहे आणि जवळजवळ कुणीच करत नाही. धुणाऱ्याकडे ताट जाण्याआधी त्यात काय उरलं ते वहीत लिहायचं. ज्याने ताट उचललं त्यानेच, लगेच.

उरलेलं वाचायचं कसं:

- ब्रेडच्या कडा: ब्रेड जुना आहे किंवा सारण कडेपर्यंत पोचत नाही.
- फ्राइजचा शेवटचा मूठभर भाग: निवल्या, किंवा प्लेट मोठी आहे. किंमत तीच ठेवून मोठी करण्यापेक्षा लहान आणि गरम द्या.
- पास्ता निम्मा: पहिले चार घास आवडले, मग कंटाळा आला. मिठाचा नाही, आंबटपणाचा किंवा तिखटाचा अभाव.
- कोबीचं सॅलड, कोथिंबिरीची सजावट जशीच्या तशी: बंद करा. ते फक्त फोटोसाठी होतं.
- कॉफीचा तळ: साखर विरघळली नाही.
- सॉसच्या न फोडलेल्या पुड्या: मागितल्या तरच द्या.

"जेवण कसं वाटलं?" याला सगळे "छान" म्हणतात. विचारायचंच असेल तर "यातलं काय काढून टाकू?" असं विचारा. मग माणूस खरं बोलतो.

सावध: एका ताटावरून निर्णय घेऊ नका. तोच प्रकार आठवडाभर, वेगवेगळ्या वेळी दिसला तरच पाककृतीला हात लावा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

## पायरी १०: पार्सल आणि काटछाट

पार्सलचं कार्ड वेगळं आणि लहान ठेवा. ग्रिल सँडविच आणि फ्राइज बंद डब्यात वाफेने मऊ पडतात. डब्याला भोकं हवीत, आणि तरीही टिकत नसेल तर तो पदार्थ पार्सलला नाही. पास्ता, मॅगी जाताना आणखी घट्ट होतात. बिर्याणीच्या वेळी तुमचं सँडविच घरपोच कोण मागवणार, हेही एकदा वहीत बघून घ्या.

दर तीन महिन्यांनी विक्रीची यादी आणि खरकट्याची वही शेजारी ठेवा. कमी विकलं जातं आणि उरतंही, ते काढा. कमी विकलं जातं पण ताट स्वच्छ येतं, त्याचं नाव, जागा किंवा किंमत चुकली असेल, एक संधी द्या. खूप विकलं जातं पण उरतं, ते सर्वांत धोक्याचं: लोक ओळखीमुळे मागवतायत आणि निराश होतायत. त्याची पाककृती आधी दुरुस्त करा. मार्चमध्ये यादी उन्हाळ्याप्रमाणे हलवा, तळणीचं कमी, थंड जास्त. दिवाळीनंतर पुन्हा उलटं.

नवा पदार्थ आला की एक जुना जाईल, हा नियम मोडू नका. आणि काढलेला पदार्थ कुणी मागितलाच तर काउंटरवरच्या मुलाने त्याऐवजी काय सुचवायचं, ते त्याला त्याच दिवशी सांगून ठेवा.